झिजलेला रुपया खरा कशावरून?

काही दिवसांपूर्वी एका शिक्षकमित्राने आमच्यासमोर चांदीचा एक रुपया ठेवला. सहाव्या जॉर्जचे डोके झिजून सपाट झाले होते, पण साल वाचता येत होते : १९३९. विकणाऱ्याने शनिवारपर्यंत मुदत दिली होती आणि किंमत सांगितली होती मित्राच्या दोन महिन्यांच्या पगाराएवढी.

या सालचा रुपया दुर्मिळ आहे, हे नाणी जमवणाऱ्यांना ठाऊक असते. म्हणूनच त्याच्या नकलाही होतात. हे नाणे कोणा तज्ज्ञाने दर्जा ठरवून डबीत सीलबंद केलेले नव्हते. जे काही ठरवायचे ते आपणच.

पहिल्यांदा सुचते ते वजन. १८३५ पासून रुपया एक तोळ्याचा, म्हणजे ११.६६ ग्रॅमचा, त्यात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी, उरलेले बहुतेक तांबे. आमचे नाणे भरले ११.४२ ग्रॅम. पाव ग्रॅम कुठे गेला? हातोहाती फिरून झिजला असेल, किंवा नकलाकाराचा अंदाज चुकला असेल. झिजलेल्या नाण्याचे नुसते वजन आपल्याला फारसे काही सांगत नाही.

मात्र नाणे कितीही झिजले तरी त्याची घनता बदलत नाही. या मिश्रधातूची घनता दर घन सेंटिमीटरला सुमारे १०.३ ग्रॅम येते. ती मोजायला शाळेतले साहित्य पुरते. पाण्याचा पेला काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणावा. नाणे बारीक दोऱ्याने टांगून पाण्यात पूर्ण बुडवावे. तळाला किंवा काठाला टेकू देऊ नये. पाणी नाण्याला वर ढकलते, तेवढ्याच जोराने नाणे पाण्याला खाली ढकलते, म्हणून काटा वाढतो. जितके ग्रॅम वाढले तितके घन सेंटिमीटर नाण्याचे आकारमान. नाण्याला चिकटलेले बुडबुडे मात्र झटकून टाकावेत, नाहीतर आकारमान जास्त येते.

आमचा काटा १.११ ने वाढला. ११.४२ भागिले १.११ म्हणजे १०.३. याच वजनाचे पितळी नाणे असते तर वाढ १.३४ च्या आसपास आली असती. १९४० पासून रुपयातली चांदी निम्म्यावर आणली गेली. त्या धातूची घनता साधारण ९.५, म्हणजे वाढ १.२०. येथे काटा ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा हवा. ०.१ ग्रॅमच्या काट्यावर १.११ आणि १.२० यांतला फरक कळणारच नाही.

तरीही घनतेवर थांबून चालत नाही. तांबे आणि शिसे योग्य प्रमाणात मिसळूनही १०.३ साधता येते. अशा नाण्याचा आवाज मात्र बद्द येतो. नाणे वाजवून घ्यायची आपल्याकडची जुनी रीत उगाच पडलेली नाही, फक्त दुर्मिळ नाणे फरशीवर आपटू नये. बोटाच्या टोकावर तोलून पेन्सिलीने हलकेच टिचकी मारावी.

आता झीज पाहू या. नाण्याचे उंचवटे आधी घासले जातात : गाल, कानावरचे केस, मुकुट. अक्षरांच्या आडोशाचा भाग मात्र वाचतो. तेथे कडा धारदार राहतात आणि चांदीवरचा काळा थर टिकतो. झिजलेल्या नाण्यावरून साचा घेऊन ओतलेल्या नकलेत उंच आणि खोल भाग सारखेच बोथट दिसतात, पृष्ठभागावर बारीक छिद्रे असतात. शिवाय ओतलेला धातू थंड होताना आकसतो, त्यामुळे व्यासही थोडा कमी भरतो. खऱ्या नाण्याची जाडी झिजते, व्यास फारसा घटत नाही. (हा सगळा पुरावा चिंच किंवा राख लावून घासून टाकणारे लोक पाहिले की आम्हाला खरोखर हळहळ वाटते.)

आमच्या रुपयाचा व्यास बरोबर होता. आवाज खणखणीत, खाचांतला काळा थर जागच्या जागी. मित्राचा चेहरा खुलला. मग आम्ही दहापट मोठे दाखवणारे भिंग सालावर धरले.

सालातला एक, नऊ आणि तीन हे आकडे शेजारच्या अक्षरांइतकेच झिजलेले होते. शेवटच्या नऊची खालची डावी बाजू मात्र अणकुचीदार होती आणि तिच्याजवळ समांतर ओरखडे होते. आजूबाजूला काळा थर, तेवढीच जागा उजळ. इंग्रजी आठाच्या खालच्या वर्तुळाची डावी बाजू कोरून काढली की नऊ होतो. एकाच वेळी छापलेले चार आकडे एकाच खिशात फिरतात. त्यांतल्या एकाचीच झीज वेगळी असेल, तर त्याला नंतर कोणीतरी हात लावला आहे.

म्हणजे चांदी खरी, छाप खरा, झीजही खरी. खोटे होते ते एका आकड्याचे अर्धे वळण, आणि किंमत मागितली जात होती ती त्याचीच. घनतेने हे कधीच कळले नसते, कारण १९३८ च्या रुपयाची घनताही तीच.

शनिवारी नाणे परत गेले. त्याआधी मित्राने ते नववीच्या वर्गात नेऊन मुलांकडून घनता काढून घेतली. उत्तरे ९.६ पासून ११ पर्यंत आली. बुडबुडे न झटकलेल्या गटाचे ९.६, आणि ११ आलेल्या गटाचे नाणे पाण्यात अर्धवटच बुडाले होते.