फवारणीची विषबाधा : वॉर्डातले आणि वावरातले गैरसमज

कपाशी कमरेवर गेली की वऱ्हाडात फवारणीचा हंगाम येतो आणि अकोल्याच्या सर्वोपचार रुग्णालयात, अमरावतीच्या इर्विन रुग्णालयात 'फवारताना चक्कर आली' म्हणणारे रुग्ण येऊ लागतात. 2017 मध्ये शेजारच्या यवतमाळात अशा विषबाधेने 20हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. बंदी, परवाने, मास्क यांवर तेव्हा पुष्कळ बोललं गेलं. रात्रभर उशाशी असणाऱ्या सिस्टरला काय ठाऊक असावं लागतं, यावर माझ्या मते कमीच.

'प्याला नाही, मग विष कसं?' हा वावरातला पहिला गैरसमज. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉससारखी ऑर्गनोफॉस्फेट गटातली औषधं कातडीतूनही अंगात उतरतात. गळक्या पंपाने भिजलेला सदरा अंगावर आहे तोवर विष आत जातच राहतं. म्हणून उपचारांसोबतच कपडे काढायचे आणि अंग, केस, नखं साबणाने धुवायची. धुणाऱ्याच्या हातात मोजे हवेत. प्यालेल्याला मिठाचं पाणी पाजून ओकवणंही घातक, कारण शुद्ध हरपत असली तर ओकारी फुप्फुसात जाते.

आता अ‍ॅट्रोपिन. 'डॉक्टरांनी लिहिलं, सिस्टरने टोचलं' इतकं ते सोपं नाही. या विषाने शरीरात अ‍ॅसिटिलकोलीन साचतं, फुप्फुसं स्रावाने भरतात आणि रुग्ण स्वतःच्याच कफात बुडू लागतो. अ‍ॅट्रोपिन हा स्राव सुकवतं. आपल्याकडच्या नेहमीच्या अँप्युलमध्ये ते 0.6 मिलिग्रॅम असतं. अशा मोठ्या माणसाला सुरुवातीलाच 3 ते 5 अँप्युल लागतात आणि गुण नसेल तर दर 5 मिनिटांनी मात्रा दुप्पट करतात. नवख्या सिस्टरचा हात इथेच कचरतो.

थांबायचं कधी? 'बाहुल्या मोठ्या झाल्या की' हे उत्तर अजून ऐकू येतं. पण बाहुल्या उशिरा मोठ्या होतात, आणि डोळ्यांत औषध उडालं असेल तर हमखास फसवतात. खरी खूण स्टेथोस्कोपखाली मिळते. छातीतली घरघर गेली का, काखेतला घाम सुकला का, नाडी आणि वरचा रक्तदाब दोन्ही 80च्या पुढे आहेत का, ते बघायचं. नाडी आधीच जलद आहे, एवढ्यावरून अ‍ॅट्रोपिन अडवायचं नसतं.

उलट टोकही आहे. रुग्ण बरळतो, चादर ओढतो, अंग कोरडं नि तापलेलं, लघवी तुंबलेली, पोटात आवाज नाही. नातेवाईक म्हणतात, 'विष डोक्यात चढलं.' बहुतेकदा ते अ‍ॅट्रोपिन जास्त झाल्याचं लक्षण असतं. डॉक्टरांना कळवून अ‍ॅट्रोपिनचं ठिबक काही वेळ थांबवायचं आणि मग कमी वेगाने सुरू करायचं. नुसतं खाटेला बांधून ठेवलं तर ताप आणखी वाढतो.

आणि हो, प्रत्येक कीटकनाशकावर अ‍ॅट्रोपिन हा उतारा नाही. पायरेथ्रॉइडवर तो चालत नाही. म्हणून दारातच विचारावं, 'बाटली आनली काय, दादा?'

सगळ्यात महाग पडतो तो शेवटचा गैरसमज : 'बसून बोलतो, चहा मागतो, आता सुट्टी द्या.' विषबाधेनंतर 24 ते 96 तासांत मानेचे आणि श्वासाचे स्नायू ढिले पडू शकतात, आणि त्यावर अ‍ॅट्रोपिनचा काही उपयोग नसतो. अनुभवी सिस्टर दर फेरीला म्हणते, 'काका, उशीवरून मान उचला बरं.' मान उचलली नाही, तर व्हेंटिलेटरच्या खाटेची तजवीज तेव्हाच करावी लागते. श्वास अडकेपर्यंत थांबायला वेळ नसतो.