मोडलेल्या संसाराचे सोने

तेरेखोल नदीच्या उत्तर तीरावर गोव्याची जी चिमूटभर भूमी आहे, तिचे नावही तेरेखोलच. नदीपलीकडे दक्षिणेस पेडणे तालुक्यातील केरी, पाठीशी मात्र महाराष्ट्रातील रेडी आणि शिरोडा. सोयरिकी दोन्ही बाजूंना होतात आणि हल्ली त्या मोडतातही. घटस्फोटाच्या वेळी मुले, पोटगी व घर यांचा विचार न्यायालय करते. पेटीच्या तळाशी राहिलेल्या साखरपुड्याच्या अंगठीचे आणि मंगळसूत्राचे काय करावयाचे, हे सांगण्यास मात्र न विचारताच सारे गोत पुढे सरसावते. सासूच्या मते ते घराण्याचे सोने. आईच्या मते अपशकुनी वस्तू, आजच्या आज मोडावी. ते जिच्या अंगावर होते, तिला कोणी विचारीत नाही.

वस्तुतः धर्मशास्त्राने हा प्रश्न केव्हाच सोडविला आहे. मनुस्मृतीने स्त्रीधनाचे सहा प्रकार सांगितले आणि निबंधकारांनी त्यांत भर घातली. 1956 च्या हिंदू वारसा कायद्याच्या 14 व्या कलमाने स्त्रीची मालमत्ता, स्त्रीधनासह, तिच्या पूर्ण मालकीची ठरविली. सर्वोच्च न्यायालयाने 1985 साली प्रतिभा राणी खटल्यात स्त्रीधन बळकावून बसणाऱ्या पतीवर विश्वासघाताचा गुन्हा होऊ शकतो असे सांगितले, आणि 2024 मध्ये पतीचा त्यावर काडीचाही अधिकार नसल्याचे पुन्हा बजावले. रेडीच्या सुनेला एवढे पुरे आहे.

तेरेखोलच्या सुनेची गोष्ट वेगळी. गोव्यात विवाहाची मालमत्ता आजही 1867 च्या पोर्तुगीज नागरी संहितेने ठरते. विवाहापूर्वी वेगळा करार केला नसेल, तर उभयतांची सर्व मालमत्ता समाईक होते आणि संसार मोडल्यास निम्मी निम्मी वाटली जाते. ती राजवट घालविण्यासाठी झगडलेल्या आमच्या पिढीलाही हे मान्य केले पाहिजे की, घर आणि जमीन यांत पत्नीला अर्धा वाटा देणारा हा नियम उदार आहे. तथापि याच नियमाने माहेरचे सोनेही समाईक होते, हे वधूपित्यांच्या ध्यानी नसते. संहितेच्या 1109 व्या कलमाने वगळले आहेत ते अंगावरचे कपडे, आणि विवाहापूर्वी वराने वधूस दिलेले वाङ्‌निश्चयाचे दागिने.

म्हणजे साखरपुड्याची अंगठी निर्विवाद तिची. किल्ल्यातील संत अंतोनीच्या चर्चमध्ये लग्न लागलेल्या ख्रिस्ती भगिनीलाही, वाङ्‌निश्चयाला मिळालेल्या अंगठीपुरता, हाच न्याय. मंगळसूत्राचे मात्र विचित्र होते. आमच्याकडे नोंदणी कार्यालयातील सह्या बहुधा आधी होतात आणि मुहूर्त मागाहून येतो. कायद्याच्या दृष्टीने ती तोवर पत्नी झालेलीच असते. मग गळ्यात पडलेले मंगळसूत्र ‘विवाहापूर्वी दिलेले’ कसे म्हणावे? अक्षरशः वाचल्यास सौभाग्याचे लेणे निम्मे नवऱ्याचे! (सासऱ्याने जावयाच्या बोटात घातलेली अंगठीही या सवलतीत बसत नाही. ती मुकाट्याने परत करणे हे सभ्यतेचे काम. त्याला कलम कशाला हवे?)

दुष्यंताची अंगठी मासळीच्या पोटातून निघाली, तेव्हा ती ओळखीची खूण होती. संसार मोडल्यावर अंगठी कोणतीच ओळख पटवीत नाही. उरते ते सोने. ते विकून एखादीने शिलाईयंत्र घ्यावे, आटवून मुलीच्या कानांत डूल घालावेत, किंवा तसेच कपाटात ठेवावे. काही घरांतून मंगळसूत्राची सासरची वाटी परत मागण्याचा आग्रह धरला जातो. तो आम्हांस अनुचित वाटतो. शुभाशुभाचा धाक घालून घाईने सोनाराकडे पाठविणे त्याहून वाईट. घाईतल्या मोडीत घट आणि मजुरी जाऊन हाती येते ते मूळ किमतीहून बरेच कमी, आणि वर्षभराने मन निवळल्यावर वस्तू परत येत नाही.

उपाय आजही आहेत, पण ते लग्नाआधीचे. नोटरीपुढे विवाहपूर्व करार करता येतो. आईबापांनी सोने देताना ‘हे समाईक होणार नाही’ अशी लेखी अट घातल्यास तेही मुलीचेच राहते. पावत्या आणि वजनाची यादी मुलीच्या हाती असावी. परंतु मांडव घालण्याच्या गडबडीत ताटातुटीचे कागद करण्यास कोणता बाप धजेल? हे काम विधानसभेचे आहे. वारशाचे आणि नोटरींचे नियम तिने 2012 च्या कायद्याने नव्याने लिहिले. 1109 व्या कलमातील ‘विवाहापूर्वी’ या शब्दाला ‘अथवा विवाहप्रसंगी’ असे दोन शब्द जोडावेत आणि माहेरच्या दागिन्यांना त्याच सवलतीत घ्यावे, अशी आमची मागणी आहे.