मुंबईत हॉटेलची पहिली नोकरी? घर शोधण्याआधी शिफ्ट विचारा

हॉटेल मॅनेजमेंट संपवून मुंबईत येणारी पोरं आधी स्वस्त खोली शोधतात. माझ्या मते क्रम उलटा हवा. सेकंड शिफ्ट रात्री अकराला सुटते म्हणतात, पण बँक्वेटमध्ये लग्न असेल तर एकही वाजतो. लोकल साधारण एक ते चार बंद. मग बदलापूरची स्वस्त खोली रिक्षा-टॅक्सीत महाग पडते.

विमानतळाजवळच्या हॉटेलात लागलात तर मरोळ, चकाला, साकीनाका बघा. शेअरिंगमध्ये राहणारे बरेच भेटतात, शिवाय मरोळ नाक्याला मेट्रो १ आणि मेट्रो ३ दोन्ही मिळतात. कुलाब्यात नोकरी असेल तर तिथे राहायचा नाद सोडा (पहिल्या पगारात तरी!) आणि हार्बर लाइनवर शोधा. करार बहुधा ११ महिन्यांचा, वर डिपॉझिट आणि एका महिन्याच्या भाड्याएवढी दलाली. हे पैसे घरून घेऊनच निघा.

मोठ्या हॉटेलांत ड्युटीवरचं जेवण आणि युनिफॉर्मची धुलाई सहसा हॉटेलकडेच असते. ही बचत छोटी नाही. ऑफर लेटर हातात आलं की एचआरला तीन गोष्टी विचारा: ब्रेक शिफ्ट आहे का, सर्व्हिस चार्जचा वाटा मिळतो का, आणि नाइट ड्रॉप कुठपर्यंत. मुलींनो, महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात रात्री साडेनऊनंतरच्या कामासाठी तुमची संमती लागते आणि दारापर्यंत सोडण्याची सोयही मालकाने करायची असते. बिनधास्त विचारा.