शेंगदाणे, नारळ आणि अर्धा तास



‘झटपट’ हा शब्द अलीकडे आपल्या स्वयंपाकघरात फार ऐकू येतो, आणि त्याला कारणही तसेच आहे. दिवसभर कामावर असलेल्या माणसाने सायंकाळी सात वाजता घरी परतावे आणि आठाच्या सुमारास चार माणसांची पाने वाढलेली असावीत, ही आज हजारो घरांची नित्याची निकड आहे; मग ते घर पुण्यात असो, इंदुरात असो, बडोद्यात असो की दिल्लीत. या निकडीला तोंड देण्याचे दोन मार्ग आहेत. सगळीच कामे थोड्याथोड्या घाईने उरकणे हा एक मार्ग. कोणता वेळ वाचवता येतो आणि कोणता वाचवू नये, याचा आधी विचार करणे हा दुसरा. पहिल्या मार्गाने पोट भरते, परंतु जेवल्याचे समाधान क्वचितच लाभते. दुसऱ्या मार्गाचे एक चांगले उदाहरण म्हणून शेंगदाण्याच्या रश्शात शिजवलेली थाई धर्तीची कोंबडी घेता येईल.

‘थाई धर्तीची’ असे मी जाणूनबुजून म्हणतो. नेमक्या याच रूपाचा एखादा पदार्थ थायलंडमध्ये घरोघर शिजत असेल, असा समज करून घेण्याचे कारण नाही. तेथे त्याचे जवळचे नातलग मात्र आहेत. पहिला नातलग ‘साते’. काडीला टोचून निखाऱ्यावर भाजलेले मांसाचे तुकडे आणि सोबत शेंगदाण्याची दाट चटणी, हा मुळात जावा बेटावरचा प्रकार. मलाया द्वीपकल्पातून तो थायलंडमध्ये गेला आणि तेथलाच होऊन राहिला. दुसरा नातलग ‘मस्समन’. या रश्शाचे नावच ‘मुसलमान’ या शब्दावरून आले असे मानतात. त्यात दालचिनी, लवंग आणि वेलदोडा असतो, बटाटा असतो, आणि भाजलेले शेंगदाणेही असतात.

तिसरा नातलग आपल्या विषयाच्या सर्वांत जवळचा आहे. त्याचे नाव ‘फ्रा राम लोंग सोंग’, म्हणजे ‘प्रभू रामाचे स्नान’. उकळत्या पाण्यातून काढलेली हिरवी पालेभाजी, तिच्यावर मांसाचे पातळ काप आणि त्या सर्वांवर सढळ हाताने ओतलेला शेंगदाण्याचा रस्सा, असे त्याचे स्वरूप. मांसाच्या पदार्थाला हे नाव ऐकून आपल्याला क्षणभर चमत्कारिक वाटेल. परंतु रामकथा थायलंडमध्ये ‘रामकियन’ या नावाने पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली आहे. पहिल्या राम राजाच्या कारकिर्दीत, 1797 साली, तिची मोठी राजप्रत सिद्ध झाली. तेथील ‘खोन’ नावाच्या मुखवट्यांच्या नाट्यात रामाचा वर्ण हिरवा दाखवितात. भाजीचा हिरवा रंग आणि तिच्यावरून ओघळणारा रस्सा पाहून हे नाव पडले, असे त्याचे स्पष्टीकरण देतात. या पदार्थात जी पाणथळ जागेतली भाजी वापरतात, तिला आपण नाळीची भाजी म्हणतो. कोलकात्याच्या श्रोत्यांना ती कलमी शाक या नावाने बाजारात सहज मिळेल. इतरांनी पालक घ्यावा. त्याने काही बिघडत नाही.

आता या पदार्थाचे साहित्य पाहू, म्हणजे त्याचे परकेपण किती वरवरचे आहे हे ध्यानात येईल. शेंगदाणे, सुकी मिरची, नारळाचे दूध, चिंच, गूळ, लसूण, धने, जिरे आणि गवती चहा. यातली कोणती वस्तू मराठी घराला अनोळखी आहे? चिंचगुळाची आमटी आपण जाणतो, नारळाचे दूध कोकणात आणि गोव्यात रोजच्या वापरातले आहे, आणि दाण्याचा कूट तर आपल्या भाज्यांचा व कोशिंबिरींचा आधारच आहे. मौज अशी की, यांतल्या दोन वस्तू जशा थायलंडच्या नव्हेत तशा आपल्याही नव्हेत. मिरची आणि भुईमूग ही दोन्ही अमेरिका खंडाची देणगी. भुईमुगाचे मूळ स्थान दक्षिण अमेरिका. पोर्तुगीजांनी 1510 साली गोवा घेतला, 1511 साली मलाक्का घेतले, आणि त्याच वर्षी सयामच्या अयुध्या या राजधानीकडे आपला दूत धाडला. सोळाव्या शतकापासून पोर्तुगीज आणि स्पॅनिश जहाजांनी जे दर्यामार्ग रुळवले, त्यांवरूनच ही पिके आशियात पसरली. प्रत्येक भाषेने मग त्यांना आपल्या परीने नाव दिले. मराठीने भुईत लागणारा मूग म्हटले, तर बंगालीने चिनाबादाम म्हटले. त्यामुळे शेंगदाण्याचा तिखट रस्सा थायलंडने केला काय किंवा आपण केला काय, दोघेही आलेल्या पाहुण्याचा सारख्याच मायेने पाहुणचार करत आहोत.

दोन-तीन वस्तू मात्र थोड्या निराळ्या आहेत. थाई स्वयंपाकात मिठाच्या जागी पुष्कळदा ‘नाम प्ला’ वापरतात. नाम म्हणजे पाणी आणि प्ला म्हणजे मासा. मांदेलीच्या कुळातील लहान मासे मिठात कित्येक महिने मुरवून त्यांचा निथळलेला रस काढतात, तो हा. बाटलीचे झाकण उघडताच येणारा त्याचा वास उग्र असतो, परंतु शिजल्यावर तो मावळतो आणि मागे एक खोल खारी चव उरते. तो न मिळाल्यास साधे मीठ चालेल. वाटणात तेथे मुरवलेली कोलंबी घालतात; तिच्याऐवजी कोकणी घरात असलेला सुका जवळा चिमूटभर भाजून घातला, तर चव अगदी तीच येणार नाही, पण त्या दिशेची येईल. आल्यासारखे दिसणारे कोळिंजन मिळाले तर उत्तम, नाही तर आले घ्यावे.

चार माणसांसाठी प्रमाण असे. बिनहाडाची कोंबडी 500 ग्रॅम, शक्यतो मांडीची, कारण ती कोरडी पडत नाही. शेंगदाणे 100 ग्रॅम. नारळाचे दूध 400 मिलिलिटर. चिंचेचा घट्ट कोळ एक मोठा चमचा, पिवळसर गूळ तेवढाच, आणि पालकाची एक जुडी. वाटणासाठी सात-आठ ब्याडगी मिरच्या, चार लहान कांदे, सहा पाकळ्या लसूण, कोळिंजनाचा किंवा आल्याचा पेराएवढा तुकडा, गवती चहाच्या दोन काड्यांचा खालचा पांढरा भाग, कोथिंबिरीची स्वच्छ धुतलेली मुळे किंवा देठे, एक चमचा धने, अर्धा चमचा जिरे आणि थोडी किसलेली लिंबाची साल.

वेळ वाचवण्याची जागा म्हणजे हे वाटण. ते रविवारी सकाळी करून ठेवता येते. मिरच्यांच्या बिया काढून त्या गरम पाण्यात भिजवाव्यात, धनेजिरे भाजावेत, गवती चहा अगदी बारीक चिरावा, कारण त्याचे धागे चिवट असतात, आणि सर्व गंधासारखे मऊ वाटावे. शीतकपाटात ते आठवडाभर टिकते. बाजारात तयार लाल वाटणाची बाटलीही मिळते आणि ती वापरण्यात कमीपणा काही नाही. त्यात मीठ असते, एवढे लक्षात ठेवून वरून मीठ बेताने घालावे. तांदूळ निवडणे, चिंच भिजवणे, गूळ चिरणे ही कामेही आधी होऊ शकतात. भात मात्र पहिल्यांदा चुलीवर चढवावा, म्हणजे बाकीचे होईतो तो तयार होतो. या रश्शाला मऊ आणि सुवासिक भात लागतो. आपला आंबेमोहोर त्याच्याशी छान जुळतो.

आता न वाचवण्याच्या वेळाकडे वळू. असे प्रसंग या पाककृतीत तीन आहेत.

पहिला, शेंगदाणे भाजण्याचा. मंद आचेवर आठ-दहा मिनिटे, सतत हलवत. कच्च्या दाण्याला हिरवट वास असतो. आच लागली की त्यातील प्रथिने आणि शर्करा यांचा संयोग होऊन खमंग वासाची नवी द्रव्ये तयार होतात. हे काम मोठ्या आचेवर होत नाही, तेथे साल करपते आणि आतला दाणा कच्चा राहतो. भाजलेले दाणे निवल्यावर सोलून वाटावेत. प्रथम कूट होईल. तेथे न थांबता वाटत राहावे, म्हणजे थोड्या वेळाने कूट चिकट होऊन त्याला तेल सुटेल, कारण दाण्यात जवळजवळ निम्मे तेलच असते. रश्शाला दाटपणा येतो तो या लगद्याने. दाणे भाजले जात असताना पालक धुऊन घ्यावा आणि सर्वांत शेवटी कोंबडी चिरावी. मांसाच्या धाग्यांना आडवे, बोटभर लांबीचे पातळ काप करावेत. कच्च्या मांसाची सुरी आणि पाट लगेच साबणाने धुवावीत.

दुसरा प्रसंग वाटण परतण्याचा. नारळाच्या दुधावरचा दाट भाग अर्धी वाटी घेऊन कढईत मध्यम आचेवर उकळू द्यावा. तीन-चार मिनिटांत पाणी आटते, दूध फुटल्यासारखे दिसते आणि कडेला तेल चमकू लागते. एरवी फुटलेले दूध पाहून आपण हळहळतो. थाई स्वयंपाकी या क्षणाचीच वाट पाहतो. या तेलात वाटण घालून आणखी तीन-चार मिनिटे परतावे. मिरचीचा तिखटपणा, तिचा रंग आणि मसाल्याचे बहुतेक सुवास पाण्यात नीट विरघळत नाहीत, तेलात विरघळतात. म्हणून वाटण नुसते पातळ दुधात कालवून उकळले, तर रस्सा तिखट होतो पण बोलत नाही. डब्यातील दुधाला कधी कधी तेल सुटत नाही, कारण ते फुटू नये अशी द्रव्ये त्यात घातलेली असतात. तेव्हा साधे तेल एक चमचा घालावे.

तिसरा प्रसंग कोंबडी शिजण्याचा. परतलेल्या वाटणात काप दोन मिनिटे घोळवावेत, उरलेले दूध आणि वाटीभर गरम पाणी घालावे आणि मंद उकळीवर पाच-सहा मिनिटे ठेवावे. काप पातळ असल्याने एवढा वेळ पुरतो; तरीही सर्वांत जाड तुकडा कापून पाहावा. आत गुलाबी छटा दिसली तर आणखी शिजवावे. उष्णतामापक असल्यास मांसाच्या गाभ्याशी 74 अंश सेल्सिअस दिसले पाहिजे. भूक कितीही लागली असली तरी येथे तडजोड नाही.

त्यानंतर दाण्याचा लगदा थोड्या गरम पाण्यात सैल करून रश्शात मिसळावा. गूळ, चिंच आणि मीठ घालून तीन-चार मिनिटे ढवळत राहावे, नाही तर तो तळाला लागतो. आता चव पाहावी. या चवीत खारट, गोड, आंबट आणि तिखट या चौघांचे एकमत व्हायला हवे. एखादी चव पुढे सरसावली तर तिला मागे ओढू नये, मागे राहिलेलीला थोडी मदत करावी. दाणे पाणी शोषून घेतात, म्हणून रस्सा उतरवताना थोडा पातळच असावा. पानात येईतो तो दाटतो. पालक उकळत्या पाण्यात मिनिटभर बुडवून, निथळून ताटलीत पसरावा आणि त्यावर हा रस्सा काप-तुकड्यांसह ओतावा.

सोबत काय असावे? सातेबरोबर थायलंडमध्ये काकडी, कांदा आणि मिरची यांचे साखर घातलेल्या सिरक्यातले तोंडीलावणे देतात. त्याचे नाव ‘आचाड’, आणि ते ऐकताच ‘अचार’ आठवल्याशिवाय राहत नाही. शेंगदाणा जड, तेलकट; काकडी थंड, रसाळ. आपल्या खमंग काकडीत हे दोघे एकाच वाडग्यात भेटतात, तेथे ते शेजारशेजारच्या वाट्यांत बसतात, एवढाच फरक.

शेवटी दोन सावधगिरीच्या गोष्टी. शेंगदाणे जुने, काळपट, कडवट किंवा बुरशी आलेले असतील तर ते निवडत बसू नये, टाकून द्यावेत. 1960 साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी मेले. त्याचा शोध घेता बुरशी आलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीतील विष सापडले. त्याला अफ्लाटॉक्सिन म्हणतात. ते यकृताला घातक असते आणि भाजल्याने पुरते नाहीसे होत नाही. दुसरी गोष्ट, जेवायला पाहुणे येणार असतील तर शेंगदाणे त्यांना चालतात ना, हे आधी विचारावे. आपल्याकडे हा प्रश्न विचारण्याची रीत नाही, कारण दाणे हे आपल्याला मिठाइतके निरुपद्रवी वाटतात. परंतु काही माणसांना त्यांचा अंशही सोसत नाही. श्वास कोंडून जिवावर बेतू शकते. अशा वेळी पानातले दाणे बाजूला काढून भागत नाही. त्या दिवशी लगदा मुळीच करू नये, कढई आणि वाटणाचे भांडेही दाण्याचा स्पर्श नसलेले घ्यावे, आणि तयार वाटण वापरायचे तर बाटलीवरचा मजकूर वाचून घ्यावा. दाण्यावाचूनचा लाल रस्साही चवदारच लागतो. तो पातळ असतो, एवढेच.

तर हिशेब असा. वाटण आधी तयार असेल तर भात चढवल्यापासून ताटली वाढेपर्यंत अर्धा तास, फार तर पस्तीस मिनिटे. त्यातली सुमारे वीस मिनिटे तीन कामांची आहेत. ती त्यांना पुरती द्यावीत. उरलेल्या वेळात हात जितके चपळ चालतील तितके चालू द्यावेत.