गुडघ्याची वाटी फुटली तर

बचत गटाच्या बैठकांना गावोगाव जातो, तेव्हा एक वाक्य आम्हाला हमखास ऐकू येतं. ‘पडले जरा. मुका मार आहे, बसेल आपोआप.’ ओल्या अंगणात पाय घसरतो किंवा गाडीवरून पडणं होतं आणि सगळा मार गुडघ्यावर बसतो. कापूस वेचणीचे दिवस असले की बाई हळद लावून, फडकं बांधून पुन्हा शेतात जाते. पण वाटी फुटलेली असेल, तर अंगावर काढणं महागात पडतं.

वाटीचं काम विहिरीवरच्या कप्पीसारखं असतं. मांडीचा स्नायू हा दोर. तो वाटीवरून ओढला जातो, तेव्हा पाय सरळ होतो. वाटी आडवी फुटली की स्नायू वरचा तुकडा वर ओढतो आणि मधे फट पडते. मग उताणं झोपून सरळ पाय उचलू म्हटलं, तरी टाच अंथरुणावरून सुटत नाही. ही मोठी खूण. मात्र पाय उचलला म्हणजे हाड शाबूत, असंही नाही. गुडघा सुजला, पाय टेकवेना, तर एक्स-रे काढायचाच. तोवर चोळायचं नाही, हाड बसवून घ्यायचं नाही. पाय सरळ ठेवून आधार बांधा. गाडी नसेल तर १०८ ला फोन करा.

तुकडे जागेवर असतील, तर बहुधा ४ ते ६ आठवडे प्लास्टर किंवा पट्टा पुरतो. फट पडली असेल, तर बहुतेक वेळा ऑपरेशन लागतं. बहुधा कमरेखालचा भाग बधिर करतात. तुकडे जुळवून स्टीलच्या दोन सरळ तारा आरपार घालतात आणि त्यांच्याभोवती इंग्रजी आठच्या आकड्यासारखी तार आवळतात. काहींना स्क्रू बसवतात. हाड जुळल्यावर तारा टोचू लागल्या, तर त्या काढता येतात.

खरी मेहनत पुढे असते. मांडी आवळण्याचा आणि गुडघा हळूहळू वाकवण्याचा व्यायाम डॉक्टर सांगतील तेव्हापासून रोज करायचा. नाहीतर गुडघा आखडतो. मांडी घालून किंवा उकिडवं बसायला कित्येक महिने लागू शकतात, म्हणून कमोडची खुर्ची आणा. मिसरी-तंबाखू बंद करा, त्यानं हाड उशिरा जुळतं. ताप आला, जखमेतून पू आला, पोटरी सुजली किंवा दम लागला, तर लगेच दवाखाना गाठा.

खर्चाच्या भीतीनं थांबू नका. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्र असतात. रेशनकार्ड आणि आधार घेऊन जा आणि हे ऑपरेशन योजनेत बसतं का, ते आधी विचारा. जाण्यायेण्याचा खर्च मात्र उरतोच. त्यासाठी गटातून अंतर्गत कर्ज देता येतं. आणि तिच्या घरचं पाणी, भाकरी, गुरं आपण पाळीपाळीनं सांभाळली, तरच ती व्यायामाला वेळ देईल. येत्या बैठकीत एवढं ठरवूनच घ्या.