रोजा माफ, मग दुपारची चूल थंड का?

परवा इफ्तारीसाठी मासळी आणायला भाच्यासोबत बोदलकसा तलावावर गेले होते. शंभर वर्षांहून जुना हा तलाव तिरोडा तालुक्यातल्या धानाला पाणी देतो आणि ढिवर बांधवांना मासळी. ओळखीची एक आजी मासे तोलता तोलता म्हणाली, "बाई, तुमची सून दोन जिवांची आहे ना? तिलाही उपाशी ठेवता काय?"

"नाही हो, तिला रोजा माफ आहे."

"मग दुपारी जेवते काय ती?"

मी गप्प झाले. रमजानमध्ये आमच्या घरी सहेरीनंतर चूल पेटते ती थेट असरच्या नमाजनंतर. मधल्या वेळेत सून उरलेली पोळी चहात बुडवून खाते, तीही दार लोटून. म्हणजे रोजा नाही आणि जेवणही नाही.

आजारी माणसाला आणि प्रवाशाला रोजे पुढे ढकलण्याची मुभा कुरआनात, सूरह बकरामध्ये आहे. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या आईची सूट हदीसमध्ये आली आहे. राहिलेल्या रोज्यांचे पुढे काय करायचे, ते आलिमांना विचारता येते. अल्लाहने दिलेली सवलत घेताना सुनेला लाज वाटत असेल, तर चूक घरातल्या मोठ्यांची आहे.

या दिवसांत आईच्या ताटाला किती मोल असते, हे आपल्याच राज्यातल्या संशोधनाने दाखवले आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये जवळच्या सहा खेड्यांत गरोदर स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. गरोदरपणाआधी या बायांचे सरासरी वजन ४२ किलोच्या आसपास होते आणि त्यांची बाळे जन्मताना सरासरी २.७ किलोच्या आसपास भरली. आई एकूण किती खाते, याचा बाळाच्या वजनाशी फारसा संबंध दिसला नाही. मात्र ज्यांच्या जेवणात हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध जास्त होते, त्यांची बाळे अधिक वजनाची होती. म्हणजे नुसते पोट भरून भागत नाही. चहा-पोळीने तर नाहीच नाही. मेथी, पालक, चवळई, पेरू, कपभर दूध, यांत परवडणार नाही असे काय आहे?

ही गोष्ट फक्त मुसलमानांच्या घरची नाही. सगळ्यांची जेवणे झाल्यावर उरेल ते बाईने खायचे, ही रीत प्रत्येक मोहल्ल्यात आणि आळीत आहे. राज्य सरकारने २०१५ मध्ये आदिवासी भागांत डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना सुरू केली. तिच्यात गरोदर आणि स्तनदा मातांना अंगणवाडीत एक वेळचे गरम जेवण मिळते. घरी नेलेला शिधा घरभर वाटला जातो, पण समोर बसून खाल्लेले ताट तिच्याच पोटात जाते.

दुसऱ्या दिवशी बाराच्या सुमारास मी रोज्यातच चूल पेटवली. भात, मेथीची भाजी आणि बोदलकशाच्या मासळीचा रस्सा केला. चव बघता येत नव्हती. सून जेवताना म्हणाली, "अम्मी, मीठ थोडं कमी झालं." मी मिठाची बरणी तिच्यापुढे सरकवली.

तुमच्याही घरात गरोदर किंवा पाजती आई असेल, तर उपवास कोणताही असो, दुपारी तिचे ताट आधी वाढा आणि ती जेवेपर्यंत शेजारी बसा.