न्यूयॉर्कच्या सबवे गाड्यांचे फोटो काढण्याचा छंद

न्यूयॉर्कच्या सबवे गाड्यांचे फोटो काढणारे हौशी लोक बहुधा फलाटाच्या टोकाला सापडतात. गाडीचे तोंड, पहिल्या डब्याची बाजू आणि मागची डब्यांची रांग हे सगळे एका चौकटीत बसते ते तिथूनच. सबवे चोवीस तास चालते, त्यामुळे गाडी हुकण्याची भीती नसते आणि साधा फोटो मोबाइलवरही निघतो. डब्याचा क्रमांक वाचता येईल, मार्गाचे अक्षर स्वच्छ दिसेल आणि स्टीलच्या पत्र्याचा पोत उमटेल, असा फोटो मात्र गाड्यांची माहिती आणि प्रकाशाची जाण असल्याशिवाय मिळत नाही.

ही रेल्वे २७ ऑक्टोबर १९०४ रोजी सुरू झाली. आज तिची ४७२ स्थानके आहेत. सुरुवातीच्या काळात ती वेगवेगळ्या कंपन्यांनी बांधली, म्हणून अजूनही दोन मापांचे डबे धावतात. आकड्यांच्या मार्गांवरचे डबे ५१ फूट लांब आणि नऊ फुटांपेक्षा थोडे कमी रुंद असतात. अक्षरांच्या मार्गांवरचे डबे १० फूट रुंद आणि ६० किंवा ७५ फूट लांब असतात. डब्याचा प्रकार ओळखला जातो तो त्याच्या खरेदीच्या कंत्राटावरून: आर-४६, आर-६२, आर-१६०. मुरलेला छांदिष्ट दुरून दिवे आणि पुढची काच पाहूनच हा प्रकार सांगतो.

खरी कसोटी भुयारात लागते. तिथे उजेड कमी, तोही वरून पडणारा, आणि समोरून येणाऱ्या गाडीचे दिवे थेट लेन्समध्ये. कॅमेऱ्यावर सोडले तर तो त्या दिव्यांना फसतो आणि सगळा फोटो काळवंडतो. म्हणून रिकाम्या फलाटाचा उजेड आधी मोजून शटर, अ‍ॅपर्चर आणि आयएसओ हाताने पक्के करून ठेवतात. त्यातही एक पेच आहे. धावती गाडी गोठवायला शटर जलद हवे. पण नव्या गाड्यांच्या पाट्या एलईडीच्या असतात, आणि हे दिवे डोळ्याला कळणार नाही इतक्या वेगाने सतत उघडझाप करत असतात. जलद शटरमध्ये अक्षराचा अर्धाच भाग पेटलेला येतो. एक शतांश सेकंद किंवा त्याहून संथ शटर ठेवले तर अक्षर पूर्ण मिळते, पण गाडी धूसर होते.

यावरचा उपाय यंत्रात नाही, उभे राहण्याच्या जागेत आहे. गाडी ज्या टोकाने फलाटात शिरते तिथे तिचा वेग बराच असतो. ज्या टोकाला तिचे तोंड थांबते तिथे तो शून्यावर येतो. समोरच्या फलाटावर त्याच टोकापाशी उभे राहिले, की दारे उघडी असेपर्यंतचे काही सेकंद गाडी निश्चल मिळते. अट एवढीच, की रुळांलगतच्या पोलादी खांबांपैकी एखादा नेमका गाडीच्या तोंडावर येऊ नये. त्यासाठी पावलापावलाने सरकत जागा हेरावी लागते. गाडी येण्यापूर्वी रिकाम्या रुळांकडे कॅमेरा रोखून कुणी डावी-उजवीकडे सरकत असेल, तर तो हेच करत असतो.

सबवे म्हटले तरी तिचा सुमारे ४० टक्के भाग जमिनीवर किंवा उंच पुलांवर आहे, आणि उत्तम फोटो बहुतेक तिथलेच. गाडीला वीज मिळते ती बाजूच्या तिसऱ्या रुळातून, ६२५ व्होल्टची. मुंबईच्या लोकलचा फोटो काढताना तारा आणि त्यांचे खांब चौकटीत येतातच. इथे गाडीच्या डोक्यावर मोकळे आकाश असते. क्वीन्समध्ये ७ क्रमांकाचा मार्ग क्वीन्स बुलेव्हार्डवरच्या काँक्रीटच्या पुलावरून जातो. मॅनहॅटनकडून येणाऱ्या गाडीच्या तोंडावर तिथे सकाळचे ऊन पडते आणि मागे शहराच्या इमारती उभ्या असतात. संध्याकाळी तीच गाडी नुसती काळी आकृती होते. सकाळच्या गर्दीत मधल्या रुळावरून मॅनहॅटनकडे जाणारी जलद गाडी ऐन वेळी आडवी येते, तेव्हा पुढच्या गाडीची वाट पाहण्यावाचून इलाज नसतो.

नियम सोपे आहेत. फोटो काढायला परवानगी आहे. ट्रायपॉड, वेगळे दिवे आणि परावर्तक चालत नाहीत. २००४ मध्ये फोटोंवर सरसकट बंदीचा प्रस्ताव आला होता. विरोधानंतर तो २००५ मध्ये बारगळला. मोटरमनच्या डोळ्यांवर फ्लॅश न मारणे आणि पिवळ्या पट्टीच्या आत राहणे हे मात्र नियमात शोधत बसू नये, ते पाळायचेच.

या छंदाचे मोल काळ गेल्यावर कळते. १९७० आणि ८० च्या दशकांत डब्यांवर रंगवलेली प्रचंड चित्रे धुतली गेली. १२ मे १९८९ रोजी अशी शेवटची गाडी सेवेतून काढली गेली. हेन्री चॅल्फंट यांनी समोरच्या फलाटावरून उभ्या गाडीचे एकाला लागून एक फोटो घेऊन ते जोडले, म्हणून अखंड डबे आज पाहता येतात. त्यांचे आणि मार्था कूपर यांचे ‘सबवे आर्ट’ हे पुस्तक १९८४ मध्ये आले. १९६४ पासून धावणारे आर-३२ चे पन्हाळीदार स्टीलचे डबे जानेवारी २०२२ मध्ये निवृत्त झाले, तेव्हा शेवटच्या फेऱ्यांना फलाट कॅमेऱ्यांनी भरले होते. पण त्या गर्दीतल्या फोटोंपेक्षा, कुणाचेही लक्ष नसताना एखाद्या साध्या मंगळवारी काढलेले फोटो अधिक मोलाचे, कारण रोजची गाडी त्यांतच आहे.

आता पाळी आर-४६ ची आहे. १९७५ ते १९७८ दरम्यान बनलेल्या या ७५ फुटी डब्यांची जागा २०२३ पासून आर-२११ घेत आहेत. ए मार्गाच्या गाड्या जमैका उपसागराच्या पाण्यावरून ब्रॉड चॅनेल स्थानकात येतात. तिथे आर-४६ चा फोटो ज्याला हवा असेल, त्याने तो पुढच्या वर्षावर टाकू नये.